कॉफीचा भाव आणि दुधातलं हार्मोन

2001 साली अमेरिकेत स्टारबक्सच्या दुकानांबाहेर काही माणसं पत्रकं वाटत उभी राहिली. ती 'ऑर्गॅनिक कन्झ्युमर्स असोसिएशन'ची होती. त्यांच्या मुख्य मागण्या दोन होत्या. कॉफी पिकवणाऱ्याला परवडेल असा भाव द्या, आणि कपातलं दूध हार्मोनचं इंजेक्शन टोचलेल्या गाईचं नको. पहिली मागणी हजारो मैलांवरच्या शेतकऱ्यासाठी होती, दुसरी स्वतःच्या घरासाठी. या दोन मागण्यांचं पुढे काय झालं, ते आज आपल्यालाही समजून घेण्यासारखं आहे.

आधी कॉफी. 1962 पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉफी पिकवणाऱ्या देशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिलेले असत, त्यामुळे भाव सहसा फार कोसळत नसे. जुलै 1989 मध्ये ही कोटापद्धत मोडली. त्यानंतर व्हिएतनामने लागवड इतकी वाढवली की दहा-बारा वर्षांत तो देश जगात दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. 2001 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला. मध्य अमेरिकेत अनेकांना पिकलेली फळं झाडावरच सोडावी लागली, कारण तोडणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती. शहरातल्या कपाची किंमत मात्र उतरली नाही.

यावरचा एक उपाय 1988 मध्येच नेदरलँड्समध्ये सुरू झाला होता. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था, त्यांच्यात काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि 'सॉलिडारिडाड' संस्थेचे निको रोझेन यांनी मिळून 'मॅक्स हावेलार' हा शिक्का आणला. हे नाव 1860 च्या एका डच कादंबरीतलं. जावातल्या शेतकऱ्यांवर डच राजवटीत झालेल्या जुलमाची ती कहाणी. शिक्क्यामागचा हिशेब हमीभाव मागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. त्या काळात धुतलेल्या अरेबिकाला पौंडामागे किमान 126 सेंट ठरले होते. बाजार त्याहून चढला तर चढा भाव मिळे. यातले 5 सेंट सहकारी संस्थेकडे जमा होत आणि शाळा, रस्ता की गोदाम, हे सभासद ठरवत. फरक इतकाच, की हा हमीभाव सरकार देत नव्हतं, गिऱ्हाईक देत होतं.

आणि हा उपाय तिथेच अडला. 2000 मध्ये 'ग्लोबल एक्सचेंज' संस्थेने अनेक शहरांत निदर्शनं जाहीर केली, तेव्हा ठरलेल्या दिवसाच्या आधीच स्टारबक्सने अशा हमीभावाच्या शिक्क्याची, म्हणजे 'फेअर ट्रेड' कॉफी विकायचं मान्य केलं. विजय खरा होता. पण 2009 मध्ये, जगातला सर्वांत मोठा फेअर ट्रेड खरेदीदार म्हणवून घेतानाही, कंपनीच्या एकूण खरेदीत या कॉफीचा वाटा सुमारे दहा टक्केच होता. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं दुखणं आजही तेच आहे. पीक सगळं नियमाने पिकवायचं, प्रमाणपत्राची फी भरायची, आणि चांगल्या भावाने त्यातला काही हिस्साच जायचा. उरलेलं पीक बाजारभावाने.

दुधाचं मात्र वेगळं झालं. मोन्सॅन्टो कंपनीचं 'पॉसिलॅक' हे जनुकीय बदल केलेल्या जीवाणूंकडून तयार करून घेतलेलं हार्मोन. दर दोन आठवड्यांनी टोचलं की गाय जास्त दूध देते. अमेरिकेने 1993 मध्ये त्याला परवानगी दिली, दुधात फरक पडत नाही असं सांगून. कॅनडाने 1999 मध्ये ते नाकारलं, कारण गाईंना कासदाह, म्हणजे आपल्या गोठ्यातली दगडी, जास्त होत होता. मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीने 'आमचे शेतकरी कृत्रिम हार्मोन वापरत नाहीत' असं बाटलीवर छापलं, तर 2003 मध्ये मोन्सॅन्टोने तिला कोर्टात खेचलं. खरी माहिती लिहिल्याबद्दल खटला! माझ्या मते या लढ्यातला सर्वांत संतापजनक प्रसंग हाच. पण लोक मागत राहिले. 2007 संपेपर्यंत स्टारबक्सने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांतून हे दूध काढून टाकलं, आणि पुढच्याच वर्षी मोन्सॅन्टोने तो धंदाच विकला.

स्वतःच्या मुलाच्या पेल्यात काय आहे ही काळजी माणसाला रोज टोचते. वाहाकातल्या शेतकऱ्याची आठवण रोज राहत नाही. ही ग्राहक चळवळीची मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवं.

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या वादात तर ग्राहक आणि शेतकरी समोरासमोर आले. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यावर 2010 च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारीला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते रोखलं. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने उलट पवित्रा घेतला. मंजुरी नसलेला, तणनाशक फवारलं तरी टिकणारा एचटीबीटी कापूस जाहीरपणे पेरून 'आम्हाला तंत्रज्ञान हवं' असं तिने सांगितलं. निंदणीला मजूर मिळत नाही, ही त्या शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. जीएम अन्न म्हणजे सरसकट विष, असा प्रचार मला पटत नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने 2016 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, त्यात असा पुरावा मिळाला नाही. पण काय खातो हे कळण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला आहे. 2002 पासून बीटी कापूस पिकतो, त्याच्या सरकीचं तेल फरसाणात जातं आणि पेंड गाई-म्हशींना. शुद्ध केलेल्या तेलात जनुकं, प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत हे खरं. तरीही जीएम अन्नाच्या पाकिटावर तशी अक्षरं छापण्याचा नियम 2013 मध्ये लागू झाला, आणि तेलाच्या पिशव्यांवर ती दिसत नाहीत. दिल्लीकडे अर्ज करण्याआधी हा प्रश्न दुकानदाराला विचारता येतो. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हजारो कुटुंबांचा किराणा एकत्र खरेदी करत आली आहे. तिने एका महिन्याच्या यादीसोबत तेल पुरवणाऱ्यांना एवढंच विचारावं, की हे तेल कोणत्या वाणाचं, आणि ते पिशवीवर लिहायला तुमची काय हरकत आहे?