हिवतापमुक्त पूर्व तिमोर
आग्नेय आशियातील पूर्व तिमोर हा चिमुकला देश २००२मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा १९९९च्या हिंसाचाराने तेथील आरोग्यव्यवस्था उद्ध्वस्त झालेली होती. २००६मध्ये लक्षणांवरून निदान झालेल्या हिवतापाच्या रुग्णांची संख्या २ लाख २३ हजारांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मार्गदर्शन केले, ग्लोबल फंडाने निधी पुरवला, तर क्युबाने तिमोरच्या शेकडो तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. २०२१पासून स्थानिक लागण शून्यावर राहिल्याने जुलै २०२५मध्ये संघटनेने देशाला हिवतापमुक्त घोषित केले. मात्र शेजारच्या इंडोनेशियात हिवतापाचे समूळ उच्चाटन झालेले नाही. परदेशी निधी उद्या आटू शकतो. गावोगावी रक्त तपासणारे प्रशिक्षित हात कायम राहिले, तरच हे यश टिकेल.