गोल असावी, पण चेंडू नको!

निरोगी लाल रक्तपेशी गोल असते, पण दोन्ही बाजूंनी मधे दबलेली. रुंदी जेमतेम 7 ते 8 मायक्रॉन. या दबलेपणामुळेच ती वाकते आणि आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही सहीसलामत निसटते. आवरण झिजून तिचाच चेंडू झाला, की ती प्लीहेत अडकते आणि फुटते. स्फेरोसायटोसिस या आनुवंशिक आजारात लहान वयातच कावीळ आणि पित्ताचे खडे होतात, ते यामुळेच.

सर्वांत गाजलेला आकार विळ्याचा, म्हणजे सिकल सेल. ग्रेनाडाहून शिकागोत शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात तो दिसला आणि जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये तो जगापुढे मांडला. कारण केवढंसं! हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस्स. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी वाकडी होते, रक्तवाहिनी तुंबते, हाडं असह्य ठणकतात. एरवी 120 दिवस जगणारी पेशी इथे 10 ते 20 दिवसांत संपते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. पण आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के! लग्नाआधी तपासणी करायलाच हवी.

लचका तोडल्यासारखी पेशी? जी-6-पीडी या विकराची कमतरता असू शकते. मलेरियावरचं प्रायमाक्विन अशांना जपूनच देतात. मधोमध ठिपका असलेली टार्गेट सेल थॅलेसेमियात आणि यकृताच्या आजारात भेटते. लोह कमी पडलं की लांबट, फिकट पेन्सिल सेल. बी-12 कमी पडलं की मोठ्या अंडाकृती पेशी. (उंटाच्या पेशी मात्र मुळातच लंबगोल!) पेशींचे तुकडेच दिसले तर टीटीपीसारखा जीवघेणा आजार असू शकतो, तिथे एक दिवसही दवडायचा नसतो.

आता खरी गंमत. अश्रूसारखी, शेपटीवाली पेशी ही अस्थिमज्जेत तंतू माजल्याची खूण असू शकते. पण स्लाइडवर सगळ्या शेपट्या एकाच दिशेला असतील, तर बहुधा रक्त पसरवतानाच हात चुकलेला असतो! काटेरी बर सेलचंही तेच: मूत्रपिंड निकामी झाल्यावर दिसते, आणि नमुना ट्यूबमध्ये फार वेळ पडून राहिला तरी दिसते. हा फरक ओळखायला मायक्रोस्कोपवर वाकलेला अनुभवी डोळाच लागतो.

तेव्हा सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनच्या आकड्यावर थांबू नका. खाली पेशींच्या आकाराबद्दल काही लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ डॉक्टरांना जरूर विचारा.