शुल्क वाढेल, पण कारकून वाढतील का?

केरळने १ एप्रिल २०२५ पासून न्यायालयीन शुल्क वाढवले आणि तिथल्या वकिलांनी थेट उच्च न्यायालयात धाव घेतली. महाराष्ट्राने २०१८ मध्येच या शुल्काची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेली होती. गोव्यात अजून १८७० चा कोर्ट फी कायदाच चालतो. ‘कोर्टाच्या कचेऱ्यांत माणसे कमी आहेत, पक्षकारांनी थोडा भार उचलावा’ हा युक्तिवाद उद्या आपल्याकडेही होईल. त्याआधी पेडणे-डिचोलीत बसून हा हिशेब मांडायला हवा.

माणसे हवीत, यात वाद नाही. वडिलोपार्जित घर-भाटाच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा अर्ज दाखल होतो, तेव्हा एक वारस मुंबईत, दुसरा पोर्तुगालमध्ये आणि तिसरा तेरेखोलला असतो. प्रत्येकाला नोटीस पोचावी लागते. तेरेखोल पेडणे तालुक्यातच, पण नदीपलीकडे. बेलीफ केरीहून फेरीबोटीने तिथे जातो. घरात कोणी नसेल आणि येण्याची चिन्हेही नसतील, तर समन्सची प्रत दारावर डकवतो. घर कोणी ओळखून दिले, प्रत कोणासमोर लावली, हे सगळे लिहून अहवाल देतो. हा अहवाल वेळेत आला नाही की मिळते पुढची तारीख. न्यायाधीश कितीही तत्पर असले तरी बेलीफ आणि कारकून यांच्याशिवाय खटला हलत नाही.

पण वाढीव शुल्क त्यांच्यापर्यंत पोचते का? घटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याचा महसूल एकत्रित निधीत जमा होतो. डिचोलीच्या कोर्टात भरलेला रुपया डिचोलीच्या कारकुनाच्या पगाराला बांधलेला नसतो. पद मंजूर करणे आणि भरणे हा सरकारचा स्वतंत्र निर्णय आहे. तो शुल्क न वाढवताही घेता येतो आणि वाढवूनही टाळता येतो.

मग पैसा थेट कचेरीलाच बांधून द्यावा का? अमेरिकेतल्या फ्लोरिडाने तेच केले. तिथली कोर्ट क्लार्कची कार्यालये मुख्यतः दाव्यांच्या शुल्कावर आणि दंडावर चालतात. घरकर्जाच्या जप्तीच्या, अडीच लाख डॉलर आणि त्यावरील दाव्यांना १,९०० डॉलर शुल्क लावले गेले. २०२० मध्ये कोविडमुळे दावे घटले आणि कार्यालयांचे उत्पन्नच आटले. कारकुनाचा पगार लोकांच्या भांडणांवर अवलंबून ठेवला की असे होणारच.

आपल्याकडे मोतीलाल सेटलवाड यांच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच दिशा दाखवली होती: शुल्काची वसुली दिवाणी न्यायाच्या खर्चापेक्षा जास्त नको आणि न्यायाधीशांचे पगार सर्वसाधारण करांतून द्यावेत. हे शुल्क म्हणजे कर नव्हे, खर्चाशी त्याचे नाते हवे, असे सर्वोच्च न्यायालयानेही झेनिथ लॅम्प खटल्यात बजावले.

शुल्क वाढले तरी महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. ती हक्काने मागा. पण या चौकटीत न बसणारा, बांधाच्या तंट्यात अडकलेला लहान शेतकरी वाढीव शुल्काच्या धास्तीने दावाच टाकणार नाही. कोर्टाबाहेर मग बळी तो कान पिळी.

मांद्रे, पेडणे, डिचोली आणि मयेच्या आमदारांनी म्हणूनच आधी विधानसभेत विचारावे: आपल्या तालुक्यांतल्या कोर्टांत किती पदे मंजूर आहेत आणि किती रिकामी? ती भरल्याशिवाय शुल्कवाढीला हात वर करू नये.