छातीत दुखलं की सगळ्यात आधी ईसीजी का काढतात? लाखांदूरपासून नागपूरपर्यंतच्या वाटेवर हृदयाचं काय होतं?

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातल्या पन्नाशीच्या माणसाच्या छातीवर दडपण आलंय, डावा हात जड झालाय. घरातून पहिलं वाक्य काय येतं? "गॅस झाला असन."

मग ओवा, खायचा सोडा, गरम पाणी. पाठ चोळून होते. अर्धा-पाऊण तास असाच जातो. घाम फुटायला लागला की धावपळ सुरू होते. कुणाची गाडी आहे, १०८ ला फोन लावायचा का, थेट नागपूरलाच न्यायचं का? आणि नागपूर तिथून शंभराहून जास्त किलोमीटर.

ओव्यात वाया गेलेला तो पाऊण तास हृदयाला किती महागात पडतो, हे कळण्यासाठी आधी हृदय चालतं कसं ते बघावं लागेल.

एकाच मुठीत दोन पंप

हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं, वजन पाव किलोच्या थोडं वर. दिसायला एक असलं तरी ते दोन पंपांसारखं काम करतं. उजवा पंप शरीरातून आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून ताजं होऊन आलेलं रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवतो. दोन्हीकडे वरचा कप्पा रक्त गोळा करणारा आणि खालचा रक्त फेकणारा. शाळेच्या पुस्तकात यांना अलिंद आणि निलय म्हणतात, जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका असे शब्द सापडतील.

डाव्या निलयाची भिंत सगळ्यात जाड असते, कारण सगळ्यात लांबचा पल्ला तिच्याकडे असतो. रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा असतात. डॉक्टर स्टेथोस्कोपमधून जे 'लब-डब' ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा आवाज. झडप नीट मिटत नसेल, अरुंद झाली असेल किंवा पडद्याला भोक असेल तर लब-डबच्या मध्ये एक सुस्कारा ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात.

नुसतं बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं. दिवसाचे साधारण १ लाख ठोके. यासाठी लागणारी वीज बाहेरून येत नाही. उजव्या अलिंदात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो हृदयाचा स्वतःचा पेसमेकर. तिथून निघालेली विजेची लहर आधी वरचे कप्पे आकसवते, मध्ये क्षणभर थांबते आणि मग खालचे कप्पे आकसवते. तो क्षणभराचा थांबा नसता तर खालचे कप्पे भरायच्या आधीच रिकामे व्हायला लागले असते.

तलाव भरलेला, पण बांधी कोरडी

आता मुख्य गोष्ट. हृदयातून एवढं रक्त जातं, तरी हृदयाच्या स्नायूला त्या कप्प्यांतल्या रक्ताचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. त्याचं पोषण बाहेरून पसरलेल्या हृदयधमन्या करतात.

भंडारा-गोंदियातल्या माणसाला हे समजायला मामा तलाव पुरेसा आहे. माजी मालगुजारी तलाव काठोकाठ भरलेला असतो, पण धानाच्या बांधीला पाणी मिळतं ते तुडूम उघडून पाटातून. पाट बुजला तर तलाव कितीही भरलेला असो, शेवटच्या बांधीतलं धान वाळणारच.

धमनीत हा गाळ वर्षानुवर्षं साचत जातो. तंबाखू, वाढलेलं ब्लड प्रेशर, मधुमेह, कोलेस्टेरॉल हे सगळे त्याला हातभार लावतात. पण हार्ट अटॅक बहुतेक वेळा गाळाने रस्ता हळूहळू पूर्ण बुजून येत नाही. साचलेल्या थराला अचानक तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत धमनी बंद होते. म्हणूनच काल शेतात रोवणी करणारा माणूस आज अटॅक घेऊन दवाखान्यात येतो आणि घरचे म्हणतात, "काल तर धडधाकट होता." ते खोटं नसतं.

रक्त पूर्ण थांबल्यावर साधारण अर्ध्या तासात त्या भागातला स्नायू कायमचा मरायला लागतो. सगळा एकदम मरत नाही, पुढचे कित्येक तास तो थोडा थोडा जात राहतो. धमनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. मेलेला स्नायू नंतर कुठल्याही औषधाने परत येत नाही.

इथे सोशल मीडियावर रोज होणारा एक घोळ मिटवू. हार्ट अटॅक म्हणजे धमनी तुंबणं, यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं, माणूस कोसळतो आणि नीट श्वास घेत नाही. तेव्हा कुणीतरी लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला हवेत. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, ते अशक्त होणं. पाय सुजतात, आडवं झाल्यावर दम लागतो. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नाहीत. आणि 'एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा' हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. घरच्या घरी जीव वाचवायचा तो उपाय नाही. त्या वेळात १०८ ला फोन होतो.

दहा चकत्या आणि एक कागद

दवाखान्यात पोहोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा, असा जगभरचा दंडक आहे. हे यंत्र हृदयाला काहीच देत नाही, फक्त ऐकतं. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा जागी तारा लावतात आणि त्यातून हृदयाकडे बारा बाजूंनी बघितलं जातं. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंत्र उभं केलं, १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हाचं यंत्र खोलीभर होतं, आजचं पिशवीत मावतं.

कागदावरचा पहिला छोटा उंचवटा म्हणजे वरचे कप्पे आकसल्याची खूण, उंच टोक म्हणजे खालचे कप्पे आकसल्याची, आणि शेवटचा उंचवटा म्हणजे स्नायू पुढच्या ठोक्यासाठी तयार झाल्याची. उंच टोकानंतरची रेघ एरवी सपाट असते. मोठी धमनी पूर्ण बंद झाली की ती वर उचलली जाते. डॉक्टर याला 'एसटी एलिव्हेशन' म्हणतात. कुठल्या तारांत ती उचलली गेली यावरून हृदयाच्या कुठल्या भिंतीला मार बसलाय याचा अंदाज येतो.

पण एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी निघून यायचं नसतं, आणि लोक नेमकं तेच करतात. सुरुवातीला कागद साफ असू शकतो. दुखणं सुरूच असेल तर थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात. शिवाय ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी होते. हे प्रथिन हृदयाच्या स्नायूत असतं, स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. मात्र त्याला वाढायला काही तास लागू शकतात, म्हणून तीही अनेकदा दुसऱ्यांदा करतात. कागद स्पष्ट बोलत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत.

बायका आणि मधुमेही यांच्या बाबतीत गोष्ट आणखी फसवी. छातीत कळ येण्याऐवजी नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विनाकारण थकवा एवढंच असू शकतं. रोवणीच्या दिवसांत थकवा कुणाला नसतो? म्हणूनच तो अंगावर काढला जातो.

थेट नागपूर की आधी जवळचा दवाखाना?

भंडारा शहर नागपूरपासून साठेक किलोमीटर, साकोली शंभराच्या आसपास. जिल्ह्यातले अनेक रुग्ण अँजिओग्राफीसाठी नागपूरची वाट धरतात, तिथे शासकीय मेडिकलचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे. त्यामुळे 'इथे वेळ घालवू नका, सरळ नागपूर' हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. हेतू चांगला असतो, हिशोब चुकतो.

कारण बंद धमनी उघडण्याचे रस्ते दोन आहेत. एक अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने रस्ता मोकळा करून स्टेंट बसवणं. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होत असेल तर ती उत्तम. तेवढ्या वेळात शक्य नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास उलटले नसतील, तर इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नुकताच मेंदूत रक्तस्राव किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल तर मात्र ते देता येत नाही.

आता लाखांदूरचा हिशोब करा. रस्त्यात दोन तास, मग तपासणी, मग कॅथलॅब तयार होणं. १२० मिनिटं भिवापूर-उमरेडच्या वाटेवरच संपतात. म्हणून ईसीजी जिथे निघतो अशा सगळ्यात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी जाणं म्हणजे वेळ घालवणं नाही. तिथला कागद मोबाइलवरून हृदयरोगतज्ज्ञाला काही सेकंदांत दिसू शकतो. राज्यात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. शेजारच्याच्या बोलेरोत तो नसतो, वाटेत हृदय थांबलं तर त्याला शॉक द्यायचं यंत्रही नसतं.

इको, ट्रेडमिल, अँजिओग्राफी: प्रत्येकाचा प्रश्न वेगळा

ईसीजी वीज बघतो. हृदय प्रत्यक्ष हलताना बघायचं असेल तर टूडी इको. ही हृदयाची सोनोग्राफीच. झडपा कशा उघडतात, पडद्याला भोक आहे का, कुठली भिंत कमी हलते हे पडद्यावर दिसतं. रिपोर्टमधला 'ईएफ' म्हणजे डावा निलय एका ठोक्यात आतल्यापैकी किती टक्के रक्त बाहेर फेकतो. ५५ ते ७० च्या आसपास असेल तर ठीक. हा आकडा बघून अनेकांची झोप उडते, "साठच टक्के हार्ट चालतंय!" १०० टक्के कुणाचंच चालत नाही.

चालताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, अशांसाठी ट्रेडमिल टेस्ट. दुखणं चालू असताना ती करत नाहीत. मध्येच धडधड होऊन थांबत असेल तर होल्टर, म्हणजे २४ तास अंगावर बाळगायचा छोटा ईसीजी.

अँजिओग्राफी या सगळ्यांच्या शेवटी. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांत धमन्यांचा नकाशा उमटतो. ही तपासणी आहे, उपचार नाही. "अँजिओग्राफी केली, आता बरा आहे" हे वाक्य म्हणूनच अर्धवट. रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासतात. अँजिओप्लास्टी आणि बायपास महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, पण योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठलेलं बरं.

सगळीच दुखणी धमनीची नसतात

हजारात साधारण आठ-नऊ बाळं हृदयातला दोष घेऊन जन्मतात. दूध पिताना घाम येणं, वजन न वाढणं, ओठ निळसर होणं या त्याच्या खुणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या पथकांचं एक काम हेच. मर्मर ऐकू आली की बाळाचा इको. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. मोठ्या मुलांत घसादुखीनंतर सांधे सुजले तर ते संधिवाताच्या तापाचं लक्षण असू शकतं. हा ताप झडपा खराब करतो. अशा मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. शाळा बुडते म्हणून ते चुकवलं, की विशी-तिशीत, बाईच्या बाबतीत अनेकदा गरोदरपणातच, दम लागून झडप आपलं दुखणं सांगते.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, सिकलसेल. या रुग्णांत रक्त कायम कमी असल्याने हृदयाला जास्त राबावं लागतं. ते मोठं होतं, मर्मर ऐकू येते, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढू शकतो. त्यांच्या छातीतलं दुखणं फुप्फुसातल्या सिकलसेलच्या झटक्याचंही असू शकतं, आणि तोही तितकाच जीवघेणा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर छातीच्या तक्रारीत डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यातच सांगायला हवं.

आणि जुना ईसीजी फेकू नका. नव्या कागदावरची वाकडी रेघ आजची की पाच वर्षांपूर्वीची, हे जुना कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं. मात्र हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही वर्षांत तो फिका पडतो, आणि जपायचा म्हणून लॅमिनेट करायला दिला तर अख्खा काळा होऊन हातात येतो. त्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.