शब्दांना म्हणे फक्त सात टक्के!

उन्हाळ्याची सुटी लागली की नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या खांबांवर 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'स्टेज डेअरिंग'चे फलक लटकू लागतात. शिबिरांना माझा विरोध नाही. मुलं चार दिवस मोबाइल बाजूला ठेवून चारचौघांत उभी राहतात, हे चांगलंच आहे. माझा राग आहे तो तिथे पडद्यावर हमखास झळकणाऱ्या एका गोल आकृतीवर. बोलण्याच्या परिणामात देहबोलीचा वाटा 55 टक्के, आवाजाचा 38 आणि शब्दांचा अवघा 7! वर प्रशिक्षक ठासून सांगतात, "अमेरिकेत सिद्ध झालंय हे." पालक माना डोलावतात, मुलं आकडे वहीत उतरवतात आणि भाषण लिहिण्याचं काम तिथेच संपतं. सात टक्क्यांसाठी कोण रात्र जागवणार?

आता अमेरिकेत नेमकं काय सिद्ध झालं ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 साली सहकाऱ्यांसोबत दोन प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्यात नऊ सुटे शब्द होते. 'डिअर', 'थँक्स' असे काही गोड, 'ब्रूट', 'टेरिबल' असे काही कडू आणि काही ना इकडचे ना तिकडचे. प्रत्येक शब्द वेगवेगळ्या सुरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवला आणि विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असावी? दुसऱ्या प्रयोगात तर शब्द एकच, 'मेबी'. तो तीन सुरांत ऐकवायचा आणि सोबत चेहऱ्याचं छायाचित्र दाखवायचं. या दोन वेगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून ते 7-38-55 आले.

यात भाषण कुठे आहे? साधं वाक्यसुद्धा नाही. "बरं" हा शब्द आई कोणत्या सुरात म्हणाली यावरून घरात पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला कळतंच. सूर आणि शब्द यांचं पटत नसेल तर आपण सुरावर विश्वास ठेवतो, एवढंच या प्रयोगांचं सांगणं. तेही आवड-नावड, राग-लोभ यांच्यापुरतं. बोलणारा स्वतःच्या भावनांबद्दल बोलत नसेल तर हे सूत्र लागूच पडत नाही, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनी करून ठेवला आहे. तो गोल आकृतीत कधी येत नाही.

संशोधन राहू द्या, घरच्या घरी तपासून पाहा. 93 टक्के अर्थ शब्दांबाहेर असेल तर तमिळ भाषण आपल्याला जवळजवळ सगळं समजायला हवं. आकाशवाणीवर बातम्या ऐकताना निम्म्याहून जास्त मजकूर हवेत विरायला हवा, कारण निवेदकाची देहबोली दिसत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. मागच्या रांगेतल्याला वक्त्याच्या भुवया काय, चष्मासुद्धा धड दिसत नाही. कर्ण्यातून येतं तेवढंच त्याचं. तरी तो बसतो, आणि घरी जाताना वक्ता काय म्हणाला यावर वाद घालतो.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर तो आपल्याच जिल्ह्यापासून सुरू होतो. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यांचे हात तेव्हा कुठे होते, आवाज किती चढला होता, याची चर्चा कुणी करत नाही. वाक्य मात्र देशभर गेलं. पुढच्याच वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेचं अध्यक्षीय भाषण त्यांनी लिहून काढलं. मजकूर आधी पाहायला मिळाल्यावर आयोजक हादरले आणि काही भाग गाळण्याची गळ घालू लागले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. परिषदच रद्द झाली. ते न झालेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं, तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. गांधीजींना 'हरिजन'मधून त्याला उत्तर द्यावं लागलं आणि आजही ते छापलं जातं, वाचलं जातं. आवाज शून्य, हावभाव शून्य. लाहोरकर घाबरले ते या 'सात टक्क्यांना'च.

या आकृतीने मुलांचं काय होतं ते मी परीक्षकाच्या खुर्चीतून पाहतो. एका आंतरशालेय स्पर्धेत विषय होता 'बळीराजा'. शहरातल्या एका मुलाने "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" इथून जी पट्टी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. मूठ वळली, आवाज फाटला, 'काळ्या आई'ला टाळी पडली. नंतर विचारलं तर कळलं, भाषण सरांचं, हातवारे शिबिरातले. त्याच्यानंतर निफाडकडची एक मुलगी आली. हात पाठीमागे, नजर माइकवर. तिने त्यांच्या कांदाचाळीबद्दल सांगितलं. आत एक कांदा सडला की आधी वास येतो, मग वडील दंडापर्यंत हात घालून ओला कांदा चाचपडत शोधतात आणि तो वेळेत सापडला नाही तर आजूबाजूचे किती जातात, ते. सभागृहात चुळबुळ थांबली. आमच्या गुणपत्रिकेत मात्र आवाज आणि हावभाव यांना मिळून आशयापेक्षा जास्त गुण होते. पहिला कोण आला हे सांगायला नको.

आवाज आणि देहबोली निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पुटपुटणाऱ्याचं कुणी ऐकत नाही आणि छताकडे बघून बोलणारा लोकांना गमावतो. पण ज्याला सांगण्यासारखं काही आहे त्याचा हात हलायचा तेव्हा आपोआप हलतो. 'आत्मविश्वास नाही' म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची अडचण आत्मविश्वासाची नसते. आपण काय सांगणार हेच त्यांना पक्कं ठाऊक नसतं.

ते पक्कं कसं करायचं? आपल्याकडे नारदीय कीर्तनाने ही सोय कधीच करून ठेवली आहे. नमन आटोपशीर. मग पूर्वरंगात एक मूळ पद घेऊन त्याचं निरूपण आणि उत्तररंगात तेच पटवणारं एखादं आख्यान. पाच मिनिटांच्या भाषणालाही हेच पुरतं. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात लिहा. ते एका वाक्यात बसत नसेल तर भाषण अजून झालेलं नाही. मग ते पटवणारं एक कारण आणि स्वतः पाहिलेली, ऐकलेली किंवा नीट वाचलेली एक गोष्ट. सावकाश बोललं तर पाच मिनिटांत साधारण पाच-सहाशे शब्द मावतात, म्हणजे तीन गोष्टी कोंबायला जागा नाहीच. सगळं पाठ करू नका, कारण एक शब्द निसटला की पुढची अख्खी माळ ओघळते. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधले मुद्दे कार्डावर. सराव मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून. मनातल्या मनात वाचलं की सात मिनिटांचं भाषण चारात उरकतं आणि माणूस फसतो. आणि "दोन शब्द सांगते, ते शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" एवढं कृपा करून गाळा.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट.

वक्ता जन्मावाच लागतो? मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिलेले बॅरिस्टर गांधी एक प्रश्नही न विचारता खाली बसले आणि दुसरा वकील करा असं सांगून मोकळे झाले. आत्मकथेत त्यांनीच लिहिलंय. आणि 1900च्या सुमारास नाशिकच्या मित्रमेळ्यातली सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांची तरुण मंडळी आठवड्याच्या बैठकीत आपसांत भाषणं करत होती. आठवड्याला एक भाषण, तेही ओळखीच्या माणसांसमोर. याहून चांगलं शिबिर मला ठाऊक नाही.

लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त? 1973 सालच्या एका अमेरिकी पाहणीवरून हे पसरलं. तिथे भीती वाटणाऱ्या गोष्टींच्या यादीवर खुणा करायच्या होत्या. भाषणावर जास्त खुणा पडल्या इतकंच. 2012 साली संशोधकांनी विद्यार्थ्यांना 'सगळ्यात मोठी भीती कोणती' असं विचारलं तेव्हा मरणच वर आलं.

पाय लटपटतात ते सगळ्यांना दिसतं? दिसत नाही. वक्त्याला वाटतं त्यापेक्षा त्याची घालमेल श्रोत्यांना फार कमी जाणवते, हे मानसशास्त्रज्ञ सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी 2003 साली दाखवलं. गंमत म्हणजे एवढं आधी सांगून ठेवलेल्यांची भाषणंही सुधारली.

समोर दगड बसलेत असं समजायचं? मग बोलता कुणाशी?

'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावायचं? हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 सालच्या प्रयोगांत 'मला उत्साह वाटतोय' म्हणणारे जास्त चांगलं बोलले. धडधड तीच, नाव वेगळं.

कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की शरीरातली रसायनं बदलतात? मोठ्या प्रयोगात ते टिकलं नाही आणि मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी 2016 साली त्यावरचा आपला विश्वास उडाल्याचं जाहीर केलं.

शेवटचा गैरसमज मोठ्या माणसांचा: 'पाचच मिनिटं तर आहेत, तयारी कशाला?' आपल्याकडे पाच मिनिटं पाच कधी राहतात? शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्या परिचयाला पाहुण्यांचं उत्तर एवढं होईस्तोवर सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो, 'दोन मिनिटांत आवरा.' मूळ वाक्य ठेवायचं, निरूपण गाळायचं आणि गोष्ट थेट मधूनच सुरू करायची, हे कार्डावर घरूनच खूण करून आणलेलं असलं तर चिठ्ठी वाचतानाही हात थरथरत नाही.