पाटकऱ्याची वही

माजलगाव धरणाच्या उजव्या कालव्यावर ज्याने एकदा तरी रात्रीची दारे धरली आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको की, कोणाच्या रानात ऊस उभा आहे, कोणी कापूस मोडून हरभरा केला आणि कोणाची पाळी चुकली, याची इत्थंभूत वार्ता पाटकऱ्यास असते. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचे स्थान नेमके हेच आहे. एखादे संकेतस्थळ पाळत ठेवू लागले, तर त्याचा उंबरा न ओलांडणे आपल्या हाती असते. परंतु ज्या पाटातून सारेच यावयाचे, तो टाळून जावे कोठे?

ब्रिटनमध्ये बीटी कंपनीने 2006 आणि 2007 साली फॉर्म नामक संस्थेच्या साह्याने हजारो ग्राहकांच्या वाचनाचा माग, त्यांस सुगावाही लागू न देता, जाहिरातींसाठी काढून पाहिला. अमेरिकेत व्हेरायझनने 2012 पासून ग्राहकाच्या मोबाइलवरून निघणाऱ्या मागणीस वाटेतच एक ओळखक्रमांक चिकटविला, जो ग्राहकास पुसता येत नसे. 2016 मध्ये त्याबद्दल साडेतेरा लाख डॉलरांचा दंड झाला. आपल्याकडे जून 2015 मध्ये बंगळूरच्या तेजेश जी. एन. यांस एअरटेलच्या थ्रीजीवरून आलेल्या पानांत परकी आज्ञावली घुसविलेली आढळली. ग्राहकास आपला डेटावापर कळावा म्हणून ही चाचणी होती, असा खुलासा कंपनीने केला. आणि ती आज्ञावली उघड केल्याबद्दल फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वकिलांची नोटीस मात्र तेजेश यांसच आली. फिर्यादीलाच समन्स, हा आपला जुनाच दस्तूर!

पूर्वी बहुतेक पाने पोस्टकार्डासारखी उघडी येत. आता एचटीटीपीएसमुळे मजकूर लखोट्यात बंद असतो. तथापि संकेतस्थळाचा पत्ता शोधण्यासाठी मोबाइल जी पृच्छा (डीएनएस) करतो ती, आणि जोडणीच्या आरंभी उच्चारलेले त्या स्थळाचे नाव, ही बहुधा उघडीच राहतात. दिवाळी सरताच उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, बीडचा टॉवर सोडून कारखान्याच्या टॉवरखाली गेला, आणि मध्यरात्री त्याच्या मोबाइलने आधी एका इस्पितळाचे व मागोमाग एका कर्ज देणाऱ्या ॲपचे नाव विचारले, तर लखोटा फोडण्याची गरज कोणास उरते?

1885 च्या तार कायद्यात, संदेशाचा मजकूर बेकायदा उघड करणाऱ्या तारबाबूस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला, आणि 2023 च्या कायद्यात वैयक्तिक माहितीच्या रक्षणात कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड सांगितला आहे. त्यात संमतीला मोठे महत्त्व आहे. पण सिमकार्ड घेताना अर्जाचा बारीक टाइप वाचणारा गृहस्थ माझ्या तरी पाहण्यात नाही.

उपाय म्हणून अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ निवडता येते. मग पत्त्याची पृच्छा गुपचूप दुसऱ्याच पाटकऱ्याकडे जाते. वही त्याच्याकडेही असते.