हेलपाटे वाचवणारं यंत्र खिशात, पण चावी आपल्याच हाती ठेवा

शेतकरी बंधूंनो, रात्रीचे दोन वाजलेत असं समजा. या आठवड्यात तुमच्या फीडरला रात्रपाळीची वीज आहे. घरातला दिवा तर संध्याकाळपासूनच चालू आहे, पण विहिरीवर थ्री फेज आली की नाही, हे घरात बसून कसं कळणार? मग उठायचं, बॅटरी घ्यायची आणि काठी आपटत बांधाबांधानं मळा गाठायचा. तिथं पोचावं तर एक फेज गायब. पुन्हा घरी. तासाभरानं पुन्हा तीच वाट. वाटेत मण्यार असेल, घोणस असेल. ओल्या पेटीला हात लावायचा तोही अर्धवट झोपेत.

ही पायपीट तुमच्या आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्यांच्या फीडरवर दिवसाची वीज आली, ते सुटले. बाकीच्यांची वाट अजून तीच आहे. आणि गंमत अशी, की जो माणूस ती वाट चालतो, त्याच्या खिशात एक फोन असतो. त्या फोनवर तो लग्नाचे व्हिडिओ बघतो, भावकीच्या गटात राम राम घालतो. शेताच्या कामाला मात्र तो फोन फारसा येत नाही. आज बोलायचं आहे ते याबद्दल.

आजोबांची पायपीट आणि पुण्याचा इंजिनिअर

फोनवरून मोटार चालू-बंद करण्याची युक्ती बाहेरदेशातून आलेली नाही. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या म्हाताऱ्या आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहिली होती. त्यातून पुढे 'नॅनो गणेश' हे यंत्र उभं राहिलं. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. आज अनेक कंपन्यांचे असे मोबाईल स्टार्टर तालुक्याच्या गावी मिळतात.

काम सोपं आहे. तुमच्या नेहमीच्या स्टार्टरला एक छोटी पेटी जोडतात. पेटीत सिमकार्ड असतं. तुम्ही घरून त्या नंबरला फोन लावायचा आणि ठरलेलं बटण दाबायचं, की मोटार सुरू होते. तिन्ही फेज आहेत का, हे पेटी आधी तपासते. एक फेज गेली किंवा विहिरीतलं पाणी तळाला गेलं, तर चांगली पेटी मोटार बंद करते आणि तुम्हाला कळवते. त्यासाठी महागडा फोन लागत नाही, साधा बटणाचा फोनही बहुतेक ठिकाणी चालतो. घेताना मात्र दुकानदाराला तीन गोष्टी विचाराच. एक फेज गेल्यावर बंद होतो का? कोरडी चालल्यावर बंद होतो का? बिघडला तर दुरुस्ती तालुक्यात होते का? आणि पैसे मोजण्याआधी विहिरीवर उभे राहून कोणत्या कंपनीचं नेटवर्क मिळतं ते बघा. सिम त्याच कंपनीचं घ्या.

आता दोन इशारे. पहिला जिवाशी गाठ असलेला. समजा, तुम्ही विहिरीवर फुटव्हॉल्व्ह काढताय किंवा पट्ट्याला हात लावलाय, आणि घरून पोरानं फोन लावून मोटार सुरू केली. काय होईल ते सांगायला नको. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडायचा, किटकॅट काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. ते खिशात असेपर्यंत कुणी कितीही फोन लावला, तरी मोटार हलणार नाही.

दुसरा इशारा असा की, मोटार चालू झाली म्हणजे पाणी पिकाला पोचलं असं नाही. पेटीला फक्त वीज कळते. पाइपाचा सांधा निसटला, पाट फुटला, शेजाऱ्याच्या वावरात पाणी गेलं, हे तिला कळत नाही. ठिबक असेल तर हे यंत्र सोन्यासारखं. पाटपाणी असेल तर दारं धरायला माणूस जावाच लागतो. फरक इतकाच, की तो आता एकदाच जाईल, वीज आल्याची खात्री करून जाईल. जाताना डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी आणि पायात गमबूट असू द्या. स्वस्तातल्या या वस्तूनं दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय कुठं पडतो ते दिसतं.

ऑटो स्विच आणि जळणारी डीपी

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोबाईल स्टार्टर वेगळा आणि आपण सर्रास बसवतो तो 'ऑटो' वेगळा. ऑटोला विचार नसतो. वीज आली की तो मोटार सुरू करतो. एका डीपीवर पंधरा पंप असतील आणि पंधराही ऑटोवर असतील, तर वीज येताच सगळे एकदम उठतात. मोटार सुरू होताना चालू स्थितीपेक्षा कितीतरी पट करंट खेचते. त्या धक्क्यानं रोहित्र जळतं. मग नवं रोहित्र येईपर्यंत दिवसामागून दिवस जातात आणि उभं पीक माना टाकतं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, ते उगाच नाही.

फोनवरून मोटार चालवण्याचा खरा फायदा इथं आहे. एका डीपीवरच्या मंडळींनी एकदा पारावर बसून क्रम ठरवावा. वीज आली की पहिला पंप याचा, पाच मिनिटांनी दुसरा त्याचा. घरबसल्या ही पाळी पाळता येते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन अशी एक बैठक लावली, तर गावावर उपकार होतील. यंत्र प्रत्येकाचं स्वतंत्र असलं, तरी डीपी सगळ्यांची एकच आहे ना?

पीक तुमचं, नोंदही तुम्हीच करा

फोनचं दुसरं मोठं काम सातबाऱ्याचं. गाव नमुना १२ वर पिकाची नोंद करायचं काम पूर्वी तलाठ्याकडे होतं. एका तलाठ्याकडे तीन-चार गावं, मग बांधावर न जाताच नोंदी झाल्याच्या तक्रारी व्हायच्या. कपाशीच्या वावरात ऊस आणि उसाच्या वावरात पड! १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करण्याचा हक्क शेतकऱ्याच्या हाती आला.

आपण त्या हक्काचं काय केलं? बऱ्याच जणांनी 'बघू नंतर' म्हटलं. त्याची किंमत २०२४ साली कळली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. अट होती ई-पीक पाहणीची. पीक घेतलेलं, विकलेलं, भावात मार खाल्लेला, पण फोनवर नोंद नाही म्हणून नाव यादीत नाही, अशी गावोगाव ओरड झाली. पुढे सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांसाठी ती अट शिथिल करावी लागली. दर वेळी अशी सवलत मिळेल या भरवशावर राहू नका.

नोंद करायला अवघड काही नाही. हंगामाची मुदत सुरू झाली की ॲप ताजं करून घ्या. खातं आणि गट निवडा, पीक आणि क्षेत्र भरा, आणि वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढा. घरच्या ओट्यावरून चालत नाही, कारण फोन तुमची जागा ओळखतो. आंतरपीक असेल तर तसं भरा. विहीर, बांधावरची झाडं, पड जमीन यांचीही नोंद करा. शेतात रेंज नसली तर भरलेली माहिती रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. मात्र पाठवल्याशिवाय नोंद होत नाही. इथंच पुष्कळ जण फसतात. फोटो काढला म्हणजे काम झालं, असं समजून फोन खिशात घालतात. नोंद पोचल्याचा संदेश बघा आणि काही दिवसांनी सातबारा उघडून खात्री करा.

सातबाऱ्यासाठीही आता तालुक्याचा हेलपाटा नको. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये भरून फोनवर उतरवून घेता येतो आणि कामाला चालतो. फुकटात दिसतो तो फक्त माहितीपुरता. एवढा फरक लक्षात ठेवा.

ज्या म्हाताऱ्या माणसांना फोन जमत नाही, ज्या बायाबापड्यांच्या नावावर जमीन आहे पण हातात फोन नाही, त्यांचं काय? एकाच फोनवरून दुसऱ्या खातेदाराची नोंद करता येते. गावातल्या शिकल्या पोरापोरींनी हंगामात दोन दिवस दिले, तर गाव शंभर टक्के होईल. तलाठीभाऊंनी, कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, 'ॲपवर करा' एवढं सांगून थांबू नये. पहिल्या वेळी एकदा बांधावर उभं राहून दाखवावं.

आभाळ, बियाणं आणि बिल

आणखी काही कामं थोडक्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात ते बघत जा. सूचना आली की अवजारं जागेवर ठेवा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. पोलीस पाटलांनी ती सूचना गावच्या भोंग्यावरून दिली, तर फोन नसलेला गुराखीही वाचेल. हवामान खात्याचं 'मेघदूत' ॲप जिल्ह्याचा अंदाज आणि पीकसल्ला देतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो, तो बघून फवारणीचा दिवस धरा. साधा फोन असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावा. सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत आणि फुकट.

फोनचा कॅमेरा तर मुनीमजीसारखा वापरावा. बियाण्याची पिशवी फोडण्याआधी तिच्यावरचं लेबल, लॉट नंबर आणि बिल यांचा फोटो काढून ठेवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे पुरावा होता त्यांचंच बोलणं टिकलं. फोटो आहे म्हणून पिशवी आणि टॅग फेकू नका, दोन्ही जपा. औषधाच्या बाटलीचं बारीक अक्षर वाचता येत नसेल, तर फोटो काढून तो मोठा करून वाचा. आणि बाजारात माल नेण्यापूर्वी टांगायच्या डिजिटल काट्यावर घरीच वजन करा. अडत्याच्या काट्याशी ताडून बघायला तेवढं पुरे.

चोर बांधावर नाही, फोनमध्ये

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. हत्यार जितकं कामाचं, तितकंच ते सांभाळावं लागतं. विळा आपण वाटेवर टाकून येत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण तसंच करतो. एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटावर लिहितो, दुकानातल्या पोराला फोन देऊन 'बघ रे बाबा, काय आलंय' म्हणतो.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'बँक केवायसी' अशा नावाची एपीके फाइल येते. ती दाबली, की आत चोर शिरतो. तुमचे संदेश तो वाचतो, ओटीपी त्याला दिसतो आणि उसाचं बिल एका रात्रीत जातं. कुठलंही सरकारी खातं अशी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधूनच घ्या, तेही नाव नीट वाचून. दुसरं म्हणजे, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. बैल विकत घेणारा 'पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका' म्हणाला, तर बैल सोडू नका. आणि फसलात तर लाजू नका. घरी सांगायला उशीर नको, ताबडतोब १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

बंधूंनो, फोन काही पाऊस पाडत नाही, भावही वाढवत नाही. पण रात्रीची एक खेप, तहसीलचा एक हेलपाटा, नोंद नाही म्हणून बुडणारी एक मदत, एवढं तो नक्की वाचवतो. अट एकच. तो दुसऱ्याच्या हातून नव्हे, आपल्या हातानं चालवायला शिकलं पाहिजे. घरातल्या शाळकरी मुलीला आज संध्याकाळी जवळ बसवा आणि एक काम शिकून घ्या. पुढच्या आठवड्यात दुसरं. नांगर धरायला तरी आपण एका दिवसात कुठं शिकलो होतो?